बाबांच्या मनगटावर काय कोरायचं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात वाढलेल्या आणि आता ठाण्यात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील ६८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. मधुमेह १९ वर्षांपासूनचा, गेली ३ वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवलेले नाहीत. गेल्या वैशाखात आंब्याच्या पेट्या लावायला ते पहाटेच्या एसटीने तालुक्याला गेले. इंजेक्शन घेतलं, पण गाडी चुकेल म्हणून न्याहारी राहिली. स्टँडवर उतरले तेव्हा घामाने शर्ट भिजला होता, पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती. बाकाला टेकून ते जमिनीवरच बसले. लोकांना वाटलं, प्यायलेला आहे. एक ओळखीचा माणूस तर 'गुरुजी पण लागले वाटतं' म्हणून पुढे निघून गेला. तासाभराने एका महिला कंडक्टरच्या लक्षात आलं. तिच्या आईला असंच व्हायचं. तिने पाण्यात साखर ढवळून पाजली आणि गुरुजी भानावर आले.

ताईंनी आठवड्याभरात चांदीचं ब्रेसलेट करून घेतलं, त्यावर सुबक इंग्रजी अक्षरांत 'डायबेटिक' असं कोरून. बाबांनी ते कपाटात टाकलं: 'लोढणं बांधायला मी काय उनाड ढोर आहे?' आई म्हणते, अख्खा गाव ओळखतो त्यांना, कशाला हवं? भाऊ म्हणतो, मोबाइलमध्ये सगळं भरून ठेवलंय. ताई विचारतात: 'बाबांना मधुमेहाची लाज वाटते. सोन्याचं केलं तर घालतील का? हातातलं बरं की गळ्यातलं? त्यांना कसं पटवू?' पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'त्या दिवसापासून ते स्टँडवर उतरतच नाहीत, अलीकडच्या नाक्यावर उतरून चालत जातात.'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या शेवटच्या ओळीवर थांबले. सोनं की चांदी या प्रश्नाआधी त्या ओळीबद्दल बोलू या.

तुम्ही लिहिता, बाबांना मधुमेहाची लाज वाटते. मला तसं वाटत नाही. १९ वर्षं ज्या माणसाने पथ्य पाळलं, गावातल्या लग्नात 'मला जिलेबी नको' असं चारचौघांत सांगितलं, त्याला रोगाची लाज असती तर ती केव्हाच दिसली असती. लाज वाटते ती त्या बाकाची. ज्या स्टँडवर त्यांचे निम्मे विद्यार्थी गाड्या पकडतात, तिथे ते दारुडे म्हणून बसले होते आणि 'मी प्यायलेलो नाही' एवढं सांगायला जीभ वळत नव्हती. त्यानंतर आठवड्याने तुम्ही त्यांच्या हातात ब्रेसलेट ठेवलंत. तुमच्या मनात काळजी होती. त्यांना मात्र तो दिवस कायमचा मनगटावर बांधल्यासारखा वाटला असणार. लोढणं हा शब्द त्यातून आला आहे. उगाच चुकार गुरासारखी खूण कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मला समजतं.

आता लोक असे का वागले, तेही बघू. मेंदूला लागणारं इंधन मुख्यतः रक्तातली साखर. ती १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक. ५४ च्या खाली गेली की मेंदूच अडखळू लागतो: बोबडं बोलणं, झोक जाणं, भलतंच काही बोलणं, कधी चिडणं, हात झटकणं. बाहेरून बघणाऱ्याला यात आणि दारूत फरक दिसत नाही. आपल्याकडे तर 'वारं लागलं' किंवा 'अंगात आलं' म्हणणारेही भेटतील, आणि नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरणारेही. त्यांची माया खोटी नसते. काय करायचं ते त्यांना माहीत नसतं, इतकंच.

म्हणून मी असा दागिना निवडताना पहिला प्रश्न घालणाऱ्याबद्दल विचारत नाही. वाचणारा कोण आहे? तुमच्या मनात डॉक्टर होता, म्हणून इंग्रजी शब्द आला. पण डॉक्टर गाठेपर्यंत अर्धी लढाई होऊन गेलेली असते. आधी पोचतो तो रिक्षावाला, कंडक्टर, भाजीवाली, कॉलेजला निघालेला पोरगा. त्याने 'डायबेटिक' हा शब्द वाचलाच, तर तो काय करेल? ताई, मी हा प्रश्न वेगवेगळ्या लोकांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांचं उत्तर एकच: 'डायबेटिस आहे ना, मग साखर अजिबात द्यायची नाही.'

म्हणजे तुमच्या ब्रेसलेटवरच्या त्या एका शब्दाने ती महिला कंडक्टरसुद्धा कचरली असती. ज्या क्षणी साखर जीव वाचवते, त्याच क्षणी तो शब्द साखर देणाऱ्याचा हात अडवू शकतो. यात तुमची चूक नाही. अशा कड्यांवर बहुतेक ठिकाणी तेवढंच लिहिलेलं असतं.

या प्रथेचा उगम अमेरिकेतला. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी डॉ. मॅरियन कॉलिन्स यांची मुलगी धनुर्वाताच्या प्रतिविषाचं इंजेक्शन देण्याआधीच्या चाचणीच्या एका थेंबाने मरता मरता वाचली. पुढे तिच्यासाठी चांदीचं कडं घडवून त्यावर तिला कशाची ॲलर्जी आहे ते कोरलं, आणि १९५६ मध्ये त्या कुटुंबाने मेडिकअलर्ट ही संस्था काढली. तिथे ते कडं वाचणारा रुग्णवाहिकेतला किंवा दवाखान्यातला प्रशिक्षित माणूस होता. त्याला एक शब्द पुरतो. आपल्या स्टँडवर एक शब्द पुरत नाही, आपल्याला क्रियापद लागतं. काय आहे याच्या आधी काय करा ते लिहायला हवं.

माझ्या मते पट्टीच्या पुढच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत एवढंच असावं: 'मधुमेह, इन्सुलिन घेतो. शुद्धीत असेन तर साखर द्या.' मागच्या बाजूला: 'बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा', आणि खाली दोन नंबर. जागा उरली तर इंग्रजीत मधुमेह आणि इन्सुलिन हे दोन शब्द, पुढे दवाखान्यात उपयोगी पडतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून ते वाक्य मी कधीच गाळणार नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात आहे आणि हा फोन फुकट लागतो.

कोणाला वाटेल, साखर जास्त झाल्यामुळे चक्कर आली असेल तर? मीटर हाताशी नसताना शुद्धीतल्या माणसाला तीन-चार चमचे साखर दिली, तर आधीच वाढलेल्या साखरेत थोडी भर पडते. कमी झालेली साखर तशीच राहिली तर मात्र मिनिटांचा खेळ असतो. म्हणून शंका असली तरी साखर द्यावी, असंच प्रथमोपचारात शिकवतात.

एक बारकावा मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का? या गोळ्या आतड्यात साखरेचं विघटन रोखतात, त्यामुळे आपली नेहमीची साखर अशा माणसाला लवकर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोजच लागतं. तसं असेल तर कडं बदलतं: 'साखर द्या' ऐवजी 'ग्लुकोज द्या, खिशात आहे', आणि खिशात ते खरोखर असायला हवं.

पट्टीवर औषधांची नावं आणि युनिट कोरू नका. डोस दर दोन-चार महिन्यांनी बदलतो, धातूवरचा बदलत नाही, आणि जुना आकडा वाचून कोणी निर्णय घेतला तर वाईट. पेनिसिलिनची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर यांपैकी काही असेल तर मात्र त्याला जागा द्या. बाकी सगळं पाकिटातल्या कार्डावर, तारीख घालून, पेनने.

धातूचं बोलायचं तर चांदी आपल्याकडे फार टिकाव धरत नाही. खारी दमट हवा, घाम, उन्हाळ्यात काजूचा चीक. चांदी काळवंडते, मऊ असल्याने घासली जाते, आणि काळ्या पट्टीवरची बारीक अक्षरं संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाहीत. साधं स्टीलही समुद्राकाठी तांबूस डाग धरतं. ३१६ नंबरचं स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्याला ते जास्त दाद देत नाही, म्हणून बोटींच्या सामानात तेच वापरतात. निकेलने खाज सुटणाऱ्यांनी टायटॅनियम घ्यावं. अक्षरं छापलेली किंवा रंगवलेली नकोत, खोल कोरलेली हवीत. बोट फिरवलं की खाचा लागल्या पाहिजेत.

सोन्याबद्दल मी स्पष्टच सांगते: नको. सोनं म्हटलं की बाबा ते बाहीखाली नाहीतर शर्टाच्या आत घालणार, आणि तेही बरोबरच, एसटीच्या गर्दीत कोण मिरवेल? म्हणजे वाचणाऱ्याला ते दिसणारच नाही. शिवाय दवाखान्यात पोचल्यावर सोनं सगळ्यात आधी उतरवून नातेवाइकांच्या हातात देतात. आणि सोन्याकडे बघणाऱ्याच्या मनात 'दागिना' येतो, 'निरोप' येत नाही.

हातातलं की गळ्यातलं? मदतीला धावलेला माणूस नाडी बघायला मनगटच धरतो, म्हणून माझा कल मनगटाकडे आहे. गळ्यात बाबांची तुळशीची माळ आहेच. तिच्यात चकती ओवली तर सुरेख दिसेल, पण लोक ती देवाची समजतील आणि कोणी हात लावणार नाही. काळ्या दोऱ्यात बांधलं तर ताईत समजतील. करदोट्याला तर विचारूच नका. पायात मात्र मधुमेही माणसाने असं काही घालूच नये. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, घट्ट कडं रुतलं तरी कळत नाही आणि जखम चिघळते. मनगटावरही कड्यात एक बोट सहज जाईल एवढी सैल जागा ठेवा आणि आंघोळीनंतर खालची कातडी पुसून कोरडी करायची सवय लावा, पावसाळ्यात तर नक्कीच.

एक गोष्ट पत्रात नाही. बाबा घड्याळ घालतात का? बहुतेक गुरुजी घालतात, निवृत्तीनंतरही. घालत असतील तर नवं काही बांधण्याऐवजी त्याच पट्ट्यात सरकवायची छोटी स्टीलची पट्टी करून घ्या, वर लाल खूण. रोज सकाळी आपोआप हातात येते, नवी सवय लावावी लागत नाही. बागेत झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन काम करताना कुठे अडकायचीही भीती कमी. तोटा एवढाच की कड्यापेक्षा ती कमी नजरेत भरते. तरी माझ्या हिशेबाने कपाटातल्या उत्तम कड्यापेक्षा हातातली साधी पट्टी कितीतरी कामाची.

आता आईचं म्हणणं. गाव ओळखतो, हे खरंच आहे. पण स्टँडवर जो 'गुरुजी पण लागले' म्हणून गेला, तोही ओळखीचाच होता ना? बाबांना ओळखणं आणि बाबांना काय होतंय ते कळणं यांत अंतर आहे. भावाचं म्हणणंही टाकाऊ नाही. फोनच्या लॉक स्क्रीनवर तातडीची माहिती ठेवता येते, ती जरूर ठेवा. पण ती कुठे दडलेली असते हे बघणाऱ्याला माहीत हवं, बॅटरी हवी, आणि दारुडा समजलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचं धाडस हवं. क्यूआर कोडच्या पट्ट्यांचंही तसंच. डोंगराच्या कुशीतल्या आपल्या वाड्यांत रेंज कुठे असते? जोडीला ठेवा, भिस्त ठेवू नका.

पटवायचं कसं, या प्रश्नावर मी म्हणेन, पटवू नका, त्यांना मजकूर लिहायला सांगा. त्यांनी आयुष्यभर चौथीच्या पोरांना कळेल अशी वाक्यं फळ्यावर लिहिली आहेत. 'बाबा, अनोळखी माणसाला दहा सेकंदांत कळलं पाहिजे, वीस शब्दांत बसवायचं आहे, तुम्ही करून द्या,' एवढंच म्हणा. आणि त्यांना हवं असेल तर पहिल्याच ओळीत 'मी प्यायलेलो नाही' असं कोरू द्या. वैद्यकीय पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण त्या दिवशी स्टँडवर त्यांना हेच सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही. ते वाक्य मनगटावर असेल तर कदाचित ते पुन्हा स्टँडवरही उतरतील.

तरीही ते नाही म्हणाले तर? मग नाही. हात त्यांचा आहे. पण तेव्हा निदान एवढं मागून घ्या: पाकिटात कार्ड, खिशात ग्लुकोजची पुडी, आणि स्टँडच्या कॅन्टीनवाल्याला आणि कंट्रोलरला त्यांनी स्वतः एकदा सांगून ठेवणं. त्या कंडक्टरबाईंना भेटायला म्हणून तुम्ही दोघं गेलात तर हे बोलणं सहज निघेल. आंब्याची पेटी घेऊन जा.

आणि ताई, कडं ही शेवटची भिंत आहे. आधीच्या भिंती बघा. इन्सुलिन टोचून उपाशी निघणं हेच त्या दिवसाचं मूळ होतं. पहाटेची गाडी असेल त्या दिवशी इंजेक्शन कधी, किती, हे बाबांनी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. आधीची थरथर, घाम त्यांना जाणवला होता का, हेही डॉक्टरांना सांगा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात या पूर्वसूचना बोथट होतात, आणि तसं असेल तर साखरेचं उद्दिष्टच थोडं सैल करावं लागतं. साखर कमी वाटली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरी ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की पोटात काहीतरी भरीव. खिशात लाडू किंवा आंब्याचं साठ ठेवून भागत नाही. तूप आणि चोथा यांच्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. कोकमाचं गोड सरबत चालतं. आगळ चालत नाही, त्यात मीठ असतं, साखर नसते. घाईत बाटल्यांची गल्लत होते, म्हणून लिहिते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणारे, यांची साखर एकदम घसरू शकते, त्यांनी अशी खूण ठेवावी. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत असं क्वचित होतं, त्यांनी कड्यासाठी जीव टांगणीला लावू नये. टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, तो असलेल्या लहान मुलांना सिलिकॉनची रंगीत पट्टी बरी, हात वाढतो तशी बदलता येते. शाळेत गणवेशाचं कारण काढलं तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या. त्यांच्या पट्टीवर 'इन्सुलिन बंद करू नका' हेही असावं, कारण टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबलं की काही तासांतच रक्तात आम्ल साठायला लागतं. बोटीवर जाणाऱ्यांनी जाळ्यात, दोरात अडकेल असं घट्ट कडं किंवा न तुटणारी साखळी घालू नये. ओढ बसताच सुटेल अशी कडी घ्या. बांगड्या घालणाऱ्या बायकांनी दुसऱ्या हातात घालावं, बांगड्यांच्या गर्दीत ते हरवतं. आणि 'मुलीच्या लग्नाचं बघताय, हातात हे नको' असं सांगणाऱ्या आयांना माझी कळकळीची विनंती आहे, कड्यावरून मोडणारं लग्न ठरूच नये.

तुमचं चांदीचं ब्रेसलेट मोडू नका. त्याला आत कोऱ्या जागा असतील तर गावातल्या सोनाराकडून मराठी मजकूर कोरून घेता येईल, आणि सणासुदीला बाबांनी मनाने घातलं तर घातलं. रोजच्यासाठी स्टीलची पट्टी.

शेवटी ते दोन नंबर. तुमचा ठाण्याचा नंबर पहिला नको, तुम्ही सात-आठ तास लांब आहात. पहिला नंबर तालुक्याच्या आसपास राहणाऱ्या कुणाचा तरी हवा, जो अर्ध्या तासात पोचेल. आईच्या फोनला घराच्या ओटीवर रेंज येते आणि माजघरात येत नाही, असं असेल तर तिचाही कोरू नका. कोरायला टाकण्याआधी अनोळखी फोनवरून दोन्ही नंबर एकदा लावून बघा, कोण उचलतं आणि किती वेळाने. पुढच्या गणपतीत सगळे घरी जमाल तेव्हा पुन्हा एकदा.